‘धंदा आपल्या रक्तात नाही’ : बाईच्या उद्योगात शरीराचा वाटा किती, घराचा किती?

प्रश्न असा आला आहे : नागपुरात मानेवाड्याकडे राहणाऱ्या, बी.कॉम. झालेल्या, दोन वर्षांचं लेकरू असलेल्या एका ताईंना सावजी मसाला आणि उन्हाळी वाळवणाचा उद्योग सुरू करायचा आहे. घरचे म्हणतात, "धंदा आपल्या रक्तात नाही, आणि बाईमाणसाला जोखीम झेपत नाही." यात शास्त्र किती, रीतभात किती, आणि त्यावर करायचं काय, हे त्यांना हवं आहे.

ताई, ‘रक्तात असतं’ हे म्हणणं साफ खोटं नाही. पण त्यातून घरचे जो अर्थ काढतात, त्याच्या जवळजवळ उलटा अर्थ निघतो.

हे तपासायची जुनी रीत म्हणजे जुळ्या भावंडांचा अभ्यास. एकाच बीजांडातून झालेल्या जुळ्यांची जनुकं सारखी असतात, वेगवेगळ्या बीजांडांतून झालेल्यांची साधारण निम्मी सारखी. वाढतात मात्र दोन्ही जोड्या आपापल्या एकाच घरात. मग पहिल्या प्रकारच्या जोड्यांमध्ये दोघंही उद्योगात असण्याचं प्रमाण दुसऱ्या प्रकारापेक्षा किती जास्त आहे, यावरून आनुवंशिकतेचा वाटा काढतात. ब्रिटनमधल्या जुळ्यांवर २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात तो निम्म्याच्या आसपास आला. पुढच्याच वर्षी स्वीडनच्या जुळ्यांमध्ये स्त्रिया आणि पुरुष वेगळे मोजले गेले, तेव्हा चक्रावून टाकणारं चित्र दिसलं. स्त्रियांमध्ये आनुवंशिकतेचा वाटा मोठा आणि घरच्या वातावरणाचा जवळपास शून्य. पुरुषांमध्ये नेमकं उलट : आनुवंशिकता शून्याजवळ, घरच्या वातावरणाचा वाटा मोठा.

मला याचा अर्थ असा लागतो. इतवारीतल्या एखाद्या ठोक दुकानदाराचा मुलगा स्वभावाने बुजरा असो, हिशेबात कच्चा असो, विशीत तो गल्ल्यावर बसतोच. त्याला उद्योगात आणायला घर पुरेसं असतं, स्वभावाची परीक्षा होतच नाही. त्याची बहीण त्याच ताटाला बसून तेच भाव, तीच उधारी, त्याच तक्रारी ऐकत मोठी होते, पण तिला कुणी गल्ल्यावर बसवत नाही. ती उद्योगात येते ती बहुधा तिचा मूळचा स्वभावच खमका असेल तर. म्हणून स्त्रियांच्या आकड्यांत स्वभाव, म्हणजे आनुवंशिकता, एवढी ठळक दिसते. घराने मुलीलाही मुलासारखा हात दिला, तर मध्यम स्वभावाच्या मुलीही उद्योगात दिसतील.

स्वीडनमध्येच दत्तक मुलांचाही अभ्यास झाला आहे. ज्यांच्या आईवडिलांचा उद्योग होता ती मुलं उद्योगात जाण्याची शक्यता इतरांपेक्षा सुमारे ६० टक्क्यांनी जास्त निघाली. त्यात जन्मदात्यांकडून आलेल्यापेक्षा वाढवणाऱ्यांकडून आलेल्याचा वाटा दुप्पट होता, आणि मुलींवर आईच्या उदाहरणाचा परिणाम वडिलांच्या उदाहरणापेक्षा जास्त होता. ‘उद्योजकतेचं जनुक’ असं एकच एक काही सापडलेलं नाही. मोठमोठ्या नमुन्यांत शोधूनही नाही. येतो तो स्वभावाचा कल : माणसांत मिसळणं, चटकन खचून न जाणं. तुमच्या आईने घरी शिवणकाम करून चार पैसे मिळवले असतील, तर दत्तक मुलांच्या या अभ्यासाच्या भाषेत तुमच्या घरात उद्योग आहे, फक्त त्याला कुणी धंदा म्हटलं नाही.

आता जोखमीचं. शिकागोत एमबीएच्या ५०० वर विद्यार्थ्यांवर झालेल्या एका अभ्यासात टेस्टोस्टेरॉन (पुरुषांत जास्त असणारं संप्रेरक) जास्त असलेल्या मुली पैशाच्या बाबतीत जास्त जोखीम घेताना दिसल्या. म्हणजे संप्रेरकांचा थोडा संबंध आहे. पण यापेक्षा मला २००९ मध्ये प्रसिद्ध झालेला एक प्रयोग फार मोलाचा वाटतो, कारण त्याचा अर्धा भाग आपल्या देशातला आहे. टांझानियातले मासाई, जिथे पुरुषाचं चालतं, आणि मेघालयातले खासी, जिथे घर आणि मालमत्ता धाकट्या मुलीकडे जाते, या दोन समाजांत एकच साधा खेळ ठेवला. टेनिसचा चेंडू दुरून बादलीत टाकायचा, दहा वेळा. पैसे दोन प्रकारांनी घेता येत : दर चेंडूमागे ठरलेली रक्कम, किंवा समोरच्या अनोळखी स्पर्धकाला हरवलं तर तिप्पट आणि हरलं तर काही नाही. मासाईंमध्ये स्पर्धा निवडली निम्म्या पुरुषांनी आणि जेमतेम चौथ्या हिश्श्याच्या बायकांनी. खासींमध्ये बायका पुढे होत्या, निम्म्याहून जास्त, आणि पुरुष ४० टक्क्यांच्या आत. खासी बाईचं शरीर काही वेगळ्या मातीचं नाही. तिच्या पाठीशी घर तिच्या नावाचं आहे, एवढाच फरक.

आणि जोखीम म्हणतो ती दोघांना सारखी नसतेच. पन्नास हजार बुडाले तर पुरुषाला ‘नशिबाने साथ दिली नाही’ म्हणतात. बाईचे बुडाले तर ‘सांगितलं होतं ना’, आणि पुढच्या वेळी घरातून एक रुपया निघत नाही. जिला एकच संधी मिळणार आहे, ती जपून पाऊल टाकते. याला भित्रेपणा म्हणणं अन्याय आहे.

शरीराचा खरा परिणाम दुसरीकडे आहे आणि त्याबद्दल कुणी बोलत नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या निम्म्याहून जास्त, सुमारे ५४ टक्के स्त्रियांना रक्तक्षय आढळला. गरोदर नसलेल्या बाईचं हिमोग्लोबिन १२ च्या खाली असेल तर तो रक्तक्षय. ते नऊवर आलं असेल तर दुपारी तीननंतर हातपाय गळतात, जिना चढताना धाप लागते, हिशेबात लक्ष राहत नाही, आणि घरचे म्हणतात, "बघ, झेपत नाही ना!" झेपत नाही ते लोहाअभावी. उद्योगासाठी बँकेत जाण्याआधी सीबीसी (हिमोग्लोबिन दाखवणारी रक्ताची साधी तपासणी) करून घ्या, असं मी म्हणेन ते यासाठीच.

पण आपल्या भागात एक गोष्ट सोबत करायची. नागपूर, भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली या पट्ट्यात सिकलसेल या आनुवंशिक रक्तविकाराचं प्रमाण मोठं आहे. त्याची साधी सोल्युबिलिटी तपासणी सरकारी दवाखान्यात होते, आणि ती पॉझिटिव्ह आली तर पक्कं निदान करणारी पुढची इलेक्ट्रोफोरेसिस. हिमोग्लोबिन कमी दिसलं की औषधाच्या दुकानातून लोहाच्या गोळ्या आणून महिनोन् महिने घेत राहणं सिकलसेलच्या रुग्णाला धोक्याचं ठरू शकतं. तपासणीनंतर डॉक्टरांनी गोळी दिली, तर ती चहासोबत किंवा दुधासोबत घेऊ नका, त्यात लोह अंगी लागत नाही. लिंबूपाण्यासोबत घ्या आणि चहाला आधी-नंतर तासभर अंतर ठेवा. पोह्यानंतर लगेच चहा ही आपल्याकडची सवय रक्तक्षयाला हातभार लावते.

पाळीचं घ्या. शरीराचा भाग एवढाच की काही जणींना एक-दोन दिवस त्रास होतो, आणि ज्यांना दर महिन्याला अंथरूण धरावं लागतं त्यांनी स्त्रीरोगतज्ज्ञांकडे जावं, सहन करत बसू नये. उरलेला सगळा भाग रीतीचा आहे. वाळवणाच्या उद्योगात तो फार नडतो, कारण ‘चार दिवस’ पापडाला, लोणच्याला शिवायचं नाही. पाच जणींचा गट असेल आणि प्रत्येकीचे चार दिवस गेले, तर महिन्याला २० मनुष्यदिवस कमी झाले, तेही मार्च-एप्रिलच्या ऐन हंगामात. कारण सांगतात की पापड लाल पडतो, लोणचं नासतं.

पापड लाल का पडतो ते हाताने करून बघा. चिमूटभर हळद ओल्या तळहातावर चोळा आणि त्यावर पापडखाराचे दोन दाणे ठेवा. पिवळा रंग डोळ्यांदेखत विटेसारखा लाल होतो. पापडखार अल्कधर्मी आहे आणि हळद अल्कात लाल होते, बस. भाजीचे हात न धुता लाट्या केल्या की पापडावर लाल ठिपके येणारच, मग तो हात कुणाचाही असो. तळताना सगळाच पापड लालसर होत असेल तर खार जास्त झाला आहे. किलोभर उडदाच्या पिठाला ३५ ग्रॅमच्या आसपास खार पुरतो, तो काट्यावर तोलून घ्या, मुठीने नाही. लोणच्याला बुरशी येते ती ओल्या चमच्याने, फोडी नीट न सुकवल्याने, मीठ कमी पडल्याने आणि वर तेलाचा थर न राहिल्याने. सासूबाईंशी वाद घालण्यापेक्षा हळदीचा हा प्रयोग त्यांच्याच हातावर करून दाखवा. आणि पहिलं वर्ष तरी, ज्या गटात हे सोवळं मोडणार नाही तिथे त्या बाईला पॅकिंग, लेबल, हिशेब, वसुली असं काम वाटून द्या. दिवस वाया जाऊ देऊ नका.

बाळंतपण हा मात्र खराखुरा जैविक खंड आहे. नोकरदार बाईला २०१७ च्या दुरुस्तीनंतर २६ आठवडे पगारी रजा मिळते. उद्योजक बाईला कुणी देत नाही. तिचं दुकान बंद म्हणजे मिळकत बंद आणि हप्ता चालू. दुसरं मूल हवं असेल तर ते तुमच्या उद्योगाच्या कागदावर यायला हवं, त्यात संकोच कसला? कर्जाची पहिली दोन वर्षं आणि गरोदरपण एकावर एक येऊ नये असं बघा. येणारच असेल तर सहाव्या महिन्याच्या आत दोन गोष्टी तयार ठेवा : प्रत्येक मसाल्याचं ग्रॅममधलं प्रमाण आणि भाजणीची वेळ लिहिलेली वही, आणि ती वाचून माल काढू शकणारी एक बाई, जिने तुमच्यासमोर किमान दहा घाणे काढलेत. ‘अंदाजाने घालते मी’ हा सुगरणीचा मान असेल, पण उद्योगात तो कच्चा दुवा आहे. तुम्ही अंथरुणावर असाल तेव्हा अंदाजही अंथरुणावरच असतो. शेवटच्या तिमाहीत मिरचीची धूळ आणि पोत्यांची उचल, दोन्ही बंद.

वयाची दुसरी बाजू चांगली आहे. पंचेचाळिशीच्या पुढे पाळी जाताना घाम, झोपमोड यांचा त्रास असतो, आणि मे महिन्यात ४५ अंशांत भट्टीपुढे तो दुप्पट होतो, म्हणून भाजणं पहाटे पाच ते नऊ. पण याच वयात लेकरांची जबाबदारी सुटलेली असते. वेळ सासूकडे, कागदपत्रं आणि मोबाइल सुनेकडे : ही जोडी आपल्याकडे जेवढी वापरायला हवी तेवढी वापरली जात नाही. भागीदारी मात्र लेखी करा, दोघींची.

आता संस्कृतीकडे येऊ. संस्कृती म्हणजे लोक काय म्हणतील एवढंच नाही. ती घड्याळात, गल्ल्यात आणि सहीत बसलेली असते.

घड्याळ आधी. २०२४ च्या राष्ट्रीय वेळ-वापर पाहणीत घरकाम करणाऱ्या बायका त्या बिनपगारी कामात दिवसाला सरासरी २८९ मिनिटं घालवताना दिसल्या, घरकामाला हात लावणारे पुरुष ८८. मुलाबाळांची, म्हाताऱ्यांची देखभाल त्याहून वेगळी. पण मिनिटांपेक्षा वाईट आहे तो त्यांचा तुकडे तुकडे असण्याचा गुण. मसाल्याचं उदाहरण घ्या. भांडी काढणं, भट्टी तापवणं, शेवटी कांडप यंत्र झाडून-पुसून ठेवणं याला दर वेळी ४० मिनिटं जातात. सलग चार तास मिळाले तर कामाची २०० मिनिटं उरतात. दोन-दोन तासांचे दोन तुकडे मिळाले तर १६०. शिवाय भाजून अर्धवट ठेवलेली मिरची पावसाळ्यात दमट होते आणि कांडपात गोळे धरते. म्हणून सात दिवस, अर्ध्या अर्ध्या तासाची नोंद वहीत करा : कोण काय करतं, घरातल्या प्रत्येकाचं. ही वही घरच्यांसमोर ठेवा आणि मदत मागू नका, सलग चार तास मागा, आठवड्यातले पाच दिवस, ठरलेल्या वेळेला. ‘थोडी मदत करा’ याला कुणी नाही म्हणत नाही आणि कुणी करतही नाही. ‘सकाळी नऊ ते एक लेकरू तुमच्याकडे’ हे ठरतं किंवा मोडतं, दोन्ही स्पष्ट दिसतं. महालक्ष्म्यांचे तीन दिवस, दिवाळी, घरातलं लग्न हे दिवस आधीच वजा धरा. नेमक्या त्याच दिवसांत मागणी सर्वात जास्त असते, म्हणून माल पंधरा दिवस आधी पॅक होऊन तयार हवा.

लिज्जतने हा घड्याळाचा प्रश्न रचनेतच सोडवला. १५ मार्च १९५९ ला गिरगावात सात बायकांनी ८० रुपये उसने घेऊन सुरुवात केली. तिथली पद्धत अशी की कणीक केंद्रावर मळली जाते, सभासद बहिणी ती घरी नेतात, आपल्या सवडीने लाटतात, दुसऱ्या दिवशी पापड देऊन वणाई, म्हणजे लाटण्याची मजुरी, घेतात. ज्या कामाचे तुकडे करता येतात ते घरी, ज्याचे करता येत नाहीत ते केंद्रावर. तुमच्या उद्योगातही हीच वाटणी करा : देठ खुडणं, निवडणं, लेबल लावणं तुकड्यांत होतं, भाजणी आणि कांडप होत नाही.

मग गल्ला. आपल्या शहरातली कामं आठवा. गोळीबार चौक, पाचपावलीकडच्या कोष्टी घरांत कांड्या भरायच्या बायकांनी, लुगडं विकायला जाणार पुरुष. कामठीकडे विड्या वळायच्या बायकांनी, भाव ठरवणार ठेकेदार. लांब रोटी बघा : सैल कणीक आपटून आपटून तार येईपर्यंत मळायची, कोपरापर्यंत दोन्ही हातांवर ओढत पातळ करायची आणि उलट्या तापलेल्या मडक्यावर एका झटक्यात टाकायची. वर्षानुवर्षांच्या सरावाशिवाय हे जमत नाही, आणि हे कसब जवळपास सगळं बायकांचं आहे. तरी तिला ‘रोजी’ मिळते आणि केटररला नफा. कौशल्याची कमी कुठेच नाही. कमी आहे ती भाव ठरवण्याच्या आणि पैसे हातात घेण्याच्या जागेवर बाई असण्याची. २०१३-१४ च्या सहाव्या आर्थिक गणनेत देशातल्या आस्थापनांपैकी स्त्रियांच्या मालकीच्या १४ टक्क्यांच्या आसपास होत्या आणि त्यातल्या दहापैकी आठांहून जास्त एकही मजूर न लावता चालणाऱ्या. उद्योग आहे, पण तो वाढत नाही, कारण आलेला पैसा त्यात परत जात नाही.

पैसा जातो कुठे? भारत, श्रीलंका आणि घाना इथल्या आकडेवारीवरून एक गोष्ट पुढे आली : बाईच्या नावावर आलेलं भांडवल, घरात नवऱ्याचाही धंदा असेल तर, बरेचदा त्याच्या धंद्यात जातं. घरात तिचा एकटीचाच उद्योग असेल तिथे तिचं भांडवल पुरुषाइतकंच फळतं. म्हणजे ‘बायकांना भांडवल वाढवता येत नाही’ हा निष्कर्ष चुकीचा, भांडवल तिच्याकडे राहतच नव्हतं. तुमच्या यजमानांचा काही व्यवसाय असेल तर हे मोकळेपणाने बोलून ठेवा. कर्जातला यंत्राचा भाग बँकेने थेट यंत्रवाल्याला द्यावा, मालासाठीचा भाग शक्यतो माल घेऊनच ठेवावा. पोतं घरात असलं की ते मसाल्यातच जातं, खात्यातली रक्कम कुठेही जाते. घानातल्या एका प्रयोगात रोख रकमेपेक्षा वस्तूरूपाने दिलेल्या मदतीने, निदान ज्यांचा धंदा आधीच बरा चालत होता त्या बायकांचा, नफा वाढला, त्याचं एक कारण हेच असावं.

एक अगदी छोटी गोष्ट, जिच्यावर सगळं अडतं. स्टॉलवर लावलेला क्यूआर कोड कुणाच्या खात्याचा आहे? बरेचदा नवऱ्याच्या. उद्यम नोंदणी (छोट्या उद्योगाची सरकारी नोंद) तिच्या नावावर, पण तिला जोडलेला मोबाइल नंबर त्याचा, म्हणून ओटीपी त्याच्या खिशात. दिवसभर ती विकते आणि ‘टिंग’ त्याच्या फोनवर वाजतं. यात नवऱ्याची लबाडी असतेच असं नाही, सोय म्हणून झालेलं असतं. पण सहा महिन्यांनी बँक तिचं खातं बघते तेव्हा त्यात उलाढालच नसते, आणि कर्ज नाकारलं जातं. नंबर तुमचा, चालू खातं तुमचं, कोड तुमचा. हे पहिल्या आठवड्यात.

आणि किंमत लावताना स्वतःची मजुरी धरा. हा हिशेब बघा, आकडे समजण्यापुरते. किलोभर मसाल्याला कच्चा माल ४२०, गॅस-वीज २०, पाऊच-लेबल ३०, पोहोच १० असे ४८० लागले. विकला ६०० ला. ‘१२० सुटले’ असं वाटतं. पण दहा किलोला दोघींचे चार-चार तास, ताशी ७० ने ५६० रुपये, म्हणजे किलोमागे ५६. देठ, टरफल, उडणारी भुकटी याची घट १५. राहिले ४९. आता गोकुळपेठेतल्या दुकानदाराने विक्रीवर १५ टक्के मागितले, म्हणजे ९०, की किलोमागे ४१ रुपयांचं नुकसान. दारावर विकताना हे दिसत नाही, कारण तोटा तुमच्या फुकटच्या श्रमात जिरतो. दुकानात माल ठेवला की उघडा पडतो, आणि मग ‘धंदा झेपला नाही’ असं नाव होतं. ‘घरचीच तर मेहनत आहे’ हे वाक्य संस्कृतीचं आहे आणि ते थेट किमतीत उतरतं.

तिसरी सही. महाराष्ट्राने मुलींना वडिलोपार्जित मालमत्तेत जन्मसिद्ध वाटा १९९४ मध्ये दिला, देशाने २००५ मध्ये, आणि सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये उरलेली शंका मिटवली. तरी बहिणी हक्कसोडपत्रावर सही करतात, माहेर तुटू नये म्हणून. एका सहीने तारण जातं, आणि पुढे बँक विचारते, "तुमच्या नावावर काय आहे?" मी भांडायला सांगत नाही. सही करण्यापूर्वी आपल्या वाट्याची किंमत माहीत करून घ्या आणि सोडायचंच असेल तर काही रक्कम आपल्या खात्यात घेऊन सोडा. स्त्रीधन तर कायद्याने तुमचं एकटीचं आहे.

कर्जाबद्दल थोडक्यात. सूक्ष्म उद्योगाच्या ठरावीक मर्यादेपर्यंतच्या कर्जाला तारण मागू नये असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. पंतप्रधान रोजगार निर्मिती कार्यक्रमात महिलेला स्वतःचे ५ टक्के घालावे लागतात आणि अनुदान शहरात २५, ग्रामीण भागात ३५ टक्के मिळतं. ते नव्या युनिटलाच मिळतं, आधीच चालू असलेल्याला नाही. मोठी चूक इथे होते : अनुदान हातात येईल असं धरून मिरची बोलून ठेवतात. ते तीन वर्षं बँकेत ठेव म्हणून अडकलेलं असतं आणि मग कर्जात वळतं होतं. खेळतं भांडवल वेगळं उभं करा. गटाच्या आठवडी हप्त्याच्या कर्जावर मसाल्याचा उद्योग उभा करू नका. मिरची फेब्रुवारीत घ्यायची आणि पैसा जूनपर्यंत फिरून यायचा, त्यात दुसऱ्या आठवड्यापासून हप्ता कुठून देणार? कोलकात्यात झालेल्या एका प्रयोगात पहिला हप्ता दोन आठवड्यांऐवजी दोन महिन्यांनी ठेवला, तेव्हा बायकांनी व्यवसायात जास्त पैसा घातला आणि पुढे नफाही वाढला. थकबाकीही वाढली, हे खरं. म्हणून बँकेशी बोलताना व्याजाच्या अर्ध्या टक्क्यापेक्षा हप्त्याच्या सवलतीच्या महिन्यांवर जोर द्या.

आणि एकट्या जाऊ नका. अहमदाबादेत सेवा बँकेच्या खातेदार बायकांना दोन दिवसांचं उद्योग प्रशिक्षण दिलं. काहींना एकटं बोलावलं, काहींना मैत्रिणीसह. मैत्रीण घेऊन आलेल्यांनी नंतर व्यवसायासाठी जास्त कर्जं घेतली आणि चार महिन्यांनी त्यांच्या घरचं उत्पन्नही जास्त होतं. प्रशिक्षण तेच, दिवस तेच. ज्या घरांत बाईच्या बाहेर जाण्यावर बंधनं जास्त, त्या बायकांना याचा फायदा अधिक झाला. सिव्हिल लाइन्समधल्या जिल्हा उद्योग केंद्रात, सेमिनरी हिल्सच्या एमएसएमई कार्यालयात किंवा माविमच्या (महिला आर्थिक विकास महामंडळाच्या) बैठकीला जाताना भिशीतली एक मैत्रीण सोबत घ्या. फॉर्म भरायला ती लागणार नाही, ‘पुन्हा या’ ऐकून परतताना लागेल.

रीत बदलत नाही असं कुणी म्हणालं तर त्यांना आपल्याच शहराची आठवण द्या. जुलै १९४२ मध्ये नागपुरात दलित महिलांची अखिल भारतीय परिषद झाली, हजारो बायका आल्या, अध्यक्षस्थानी सुलोचनाबाई डोंगरे होत्या आणि डॉ. आंबेडकर त्यांच्यासमोर शिक्षणावर आणि घाईने लग्न न करण्यावर बोलले. त्या बायकांच्या घरांतल्या मुली एका पिढीत शाळेत गेल्या, दुसरीत नोकरीत. कुणाची जनुकं बदलली नव्हती. हळदीकुंकवाचंही तसंच. संक्रांतीचं वाण म्हणून ५० ग्रॅमचा मसाल्याचा पाऊच द्या, तुमच्या नंबरासकट. त्याहून स्वस्त जाहिरात नागपुरात नाही. मात्र ज्या विधवा मावशीला कुणी बोलावत नाही तिलाही बोलवा. रोजचा स्वयंपाक करणारं आणि मसाल्याची पारख असलेलं ते गिऱ्हाईक आहे.

तुमच्यासाठी क्रम सांगायचा तर असा. दिवाळीनंतर रक्त तपासणी आणि वेळेची वही. डिसेंबरात खातं, क्यूआर कोड आणि अन्न परवान्याची नोंदणी, वहीत तीन मसाल्यांची ग्रॅममधली प्रमाणं. जानेवारीत संक्रांतीच्या वाणातून पन्नास घरांत नमुना आणि त्यांचा अभिप्राय. फेब्रुवारीत मिरची. भिवापुरी रंगासाठी आणि तिखटासाठी चांगली, पण ओल बघून घ्या : मूठभर मिरची दाबली की कडकन मोडली पाहिजे, वाकली तर तिच्यात पाणी आहे आणि तुम्ही पाण्याचे पैसे देताय. पहिल्या वर्षी ५० किलोच्या वर जाऊ नका. कळमन्याच्या ठोक बाजारात खरेदीला जाल तेव्हा सोबत यजमान असले तरी भाव तुम्ही विचारा, आणि पावती तुमच्या उद्योगाच्या नावावर फाडून घ्या. अडत्या सवयीने नवऱ्याचं नाव लिहील, तिथेच दुरुस्त करून घ्या. बँकेला पुढच्या वर्षी तीच पावती दाखवायची आहे.